एकास एक

हॉकी म्हटलं की माझ्या पिढीला ध्यानचंद आठवतात, मोकळं मैदान आठवतं आणि रेडिओवरचं धावतं समालोचन आठवतं. त्यामुळे टोरांटोला लेकीकडे पहिल्यांदा आले तेव्हा "आजी, आज हॉकी आहे" म्हटल्यावर मी हौसेनं टीव्हीपुढे बसले, आणि बघते तर काय, सगळा बर्फ! चेंडूच्या जागी काळी रबरी चकती. माणसं धावत नाहीत, घसरतात. ती चकती कुठे आहे हे कळायलाच मला एक अख्खा हिवाळा लागला.

आता सवय झाली आहे. तीन आघाडीचे, दोन बचावाचे आणि एक गोली, असे सहा जण बर्फावर असतात, दर पाऊण-एक मिनिटाला बदलतात, एवढं मलाही समजतं. पण मंडळी, आज मला खेळाबद्दल लिहायचं नाहीये. खेळ ऑक्टोबर ते जून चालतो. या घरात बारा महिने चालतो तो वाद, आणि तो असतो ट्रेडवर. अमक्याला देऊन तमक्याला घेतलं ते बरोबर की चूक?

आयपीएलमुळे आपल्याकडेही खेळाडूंची अदलाबदल आता नवी राहिलेली नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे गेला तेव्हा घरोघर केवढी चर्चा झाली होती! इथे एनएचएल म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये कॅनडा-अमेरिका मिळून ३२ संघ आहेत आणि अशी अदलाबदल हा नेहमीचा व्यवहार आहे. खेळाडूला विचारतातच असं नाही. ज्याच्या करारात 'माझ्या संमतीशिवाय हलवायचं नाही' असं कलम असेल त्याला विचारावं लागतं. बाकीच्यांना फोन येतो, आणि बॅग भरायची. बदलीचा हुकूमच म्हणा ना.

आमच्या घरात या बाबतीत दोन पक्ष आहेत. जावई हिशेबाचे पक्के. "आई, भावना बाजूला ठेवा, आकडे बघा" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नातू सोळा वर्षांचा, त्याचा सगळा जीव तरुण खेळाडूंत, त्यातही बचावपटूंत, कारण तो स्वतः शाळेच्या संघात बचावाला खेळतो. मी मधली. मला दोघंही बाजू पटवायला येतात. छत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकून घेण्याची सवय आहे. (निकाल देण्याचीही आहे, असं लेक म्हणते.)

हा वाद समजायला एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात बुडाला. एकही सामना झाला नाही. त्यातून २००५ मध्ये नियम आला की संघानं पगारावर ठरावीक मर्यादेपलीकडे खर्च करायचा नाही. पहिल्या वर्षी ती मर्यादा संघामागे ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर ठरली. कितीही गडगंज मालक असला तरी याच्या वर जाता येत नाही. जशी कमाल मर्यादा आहे तशी किमानही आहे. तिच्या खालीही राहता येत नाही.

झालं! तेव्हापासून खेळाडू चांगला की वाईट एवढं बघून भागेना. तो आपल्या पगाराच्या मानानं स्वस्त की महाग, हे बघायचं. मुलं अठराव्या वर्षी निवडली जातात, आणि त्यांच्या पहिल्या करारातला पगार नियमानंच कमी असतो. म्हणजे चांगला खेळणारा कोवळा बचावपटू हा सोन्याचा तुकडा. उलट, तिशी ओलांडलेला, ऐन भरात असताना लांबलचक करार मिळवलेला, आता पाय जड झालेला खेळाडू म्हणजे संघाच्या गळ्यात धोंड. दोघांचं नाव एकाच सौद्यात आलं की आमच्या जेवणाच्या टेबलावर भाजी गार होते.

मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा गंमत वाटली, कारण आपल्याकडच्या शाळांत याच्या बरोबर उलटं. पट घसरला, तुकडी कमी झाली, की संचमान्यतेत एक शिक्षक जास्त ठरतो. मग सेवाज्येष्ठतेची यादी निघते आणि सर्वांत शेवटी लागलेला शिक्षक 'अतिरिक्त' होतो. त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत. आमच्या शाळेत (नाव नको) ऐंशीच्या दशकात असंच झालं. गणिताचे एक तरुण सर होते. मुलं त्यांच्या तासाची वाट बघत. यादीत ते शेवटचे, म्हणून गेले. आणि पिवळ्या पडलेल्या वहीतून वीस वर्षं तीच उदाहरणं फळ्यावर उतरवणारे गुरुजी राहिले. त्या दिवशी आम्ही शिक्षकांच्या खोलीत कोणी कोणाशी बोललो नाही. पण हेही खरं की त्या गुरुजींच्या तीन मुली लग्नाच्या होत्या आणि ती यादी नसती तर त्यांचं काय झालं असतं कोण जाणे. आपली यादी जुन्याला सांभाळते, हॉकीची तिजोरी नव्याला सांभाळते. दोन्हीकडे कोणीतरी बाहेर जातोच.

नातवाचा पक्ष मांडायचा तर आधी बचावपटू कसा घडतो ते सांगायला हवं. आघाडीवाला चुकला तर एक संधी हुकते. बचाववाला चुकला तर गोल होतो. त्याला उलटं घसरता आलं पाहिजे, समोरच्याच्या मनात काय आहे ते आधी ओळखता आलं पाहिजे, आणि मुख्य म्हणजे कधी काही करायचं नाही ते कळलं पाहिजे. हे यायला वर्षं लागतात. अठराव्या वर्षी पोरांची पारख करणाऱ्यांना ते दिसतही नाही. निकलस लिडस्ट्रॉम १९८९ मध्ये ५३ वा निवडला गेला, म्हणजे त्याच्या आधी ५२ जण. पुढे सर्वोत्तम बचावपटूला मिळणारी नॉरिस ट्रॉफी त्यानं सात वेळा घेतली! झ्डेनो चारा १९९६ मध्ये ५६ वा. डंकन कीथ २००२ मध्ये ५४ वा. शे वेबर २००३ मध्ये ४९ वा. पी. के. सुबान २००७ मध्ये ४३ वा. ही यादी नातवानं मला पाढ्यासारखी पाठ म्हणून दाखवली. मी म्हटलं, बाळा, पाचवीच्या पहिल्या चाचणीवरून मी कोणाचंही भविष्य सांगितलं नाही, ते उगीच नाही.

या चाराची गोष्ट त्याच्या पक्षाचा हुकमाचा एक्का. चारा स्लोव्हाकियाचा, उंची सहा फूट नऊ इंच. न्यूयॉर्क आयलंडर्सकडे होता, लांबच लांब आणि जरा अवघडलेला. २००१ च्या जूनमध्ये त्यांनी त्याला, आणखी एका खेळाडूला आणि त्या वर्षीच्या निवडीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या हक्काला ओटावाकडे दिलं आणि बदल्यात अलेक्सी याशिन हा नावाजलेला आघाडीचा खेळाडू घेतला. घेतला तो घेतला, त्याला दहा वर्षांचा ८ कोटी ७५ लाख डॉलरचा करारही दिला. तेव्हा पगाराला मर्यादा नव्हती. चार वर्षांत मर्यादा आली आणि तो करार जड झाला. २००७ मध्ये आयलंडर्सनी तो मोडला. मोडला म्हणजे सुटले असं नाही, ठरलेली रक्कम हप्त्यानं द्यावी लागते. याशिन संघातून गेल्यावर ते २०१५ पर्यंत त्याला पैसे देत होते. इकडे चारानं २००९ मध्ये नॉरिस घेतली, २०११ मध्ये बॉस्टनचा कर्णधार म्हणून स्टॅन्ली कप उचलला, आणि निवृत्त झाला तेव्हा १६८० सामने खेळून बचावपटूंमध्ये विक्रम केलेला होता.

"बघ आजी! तरुण बचावपटू कधी विकायचा नसतो."

यावर जावई शांतपणे म्हणतात, "अरे, पण ओटावाला तरी काय मिळालं? २००६ मध्ये करार संपला आणि चारा बॉस्टनला निघून गेला. ओटावाच्या हातात बदल्यात काहीच आलं नाही. कप उचलला तो तिसऱ्याच गावानं." हेही खरंच. आणि शेवटचा हंगाम, २०२१-२२ चा, चारा कुठे खेळला? आयलंडर्सकडे! चव्वेचाळीस वर्षांचा होऊन जिथून निघाला तिथे परत आला.

मी हे ऐकते आणि मनात म्हणते, मग हा सौदा जिंकला कोणी? २००२ मध्ये विचारलं असतं तर आयलंडर्स म्हणाले असते, आम्ही. याशिन आला त्या वर्षी ते सात हंगामांनी पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेले होते. २००६ च्या आधी विचारलं तर ओटावा. २०११ मध्ये विचारलं तर दोघंही नाही.

आता २९ जून २०१६. हा दिवस आमच्या घरात अजून तिथीसारखा पाळला जातो. त्या दुपारी अर्ध्या तासाच्या आत दोन सौदे झाले. एडमंटननं टेलर हॉल न्यू जर्सीला दिला आणि ॲडम लार्सन हा स्वीडिश बचावपटू घेतला. एकास एक. बरोबर आणखी काहीतरी असेल, कोणी खेळाडू, काही हक्क, म्हणून लोक वाट बघत राहिले. नव्हतं. हॉल २०१० च्या निवडीत पहिला आलेला, २४ वर्षांचा. लार्सन २०११ चा चौथा, २३ वर्षांचा. २०१८ मध्ये हॉलनं लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी घेतली तेव्हा एडमंटनची जी चेष्टा झाली, ती जावई अजून रंगवून सांगतात. पण दहा हंगाम प्लेऑफचं तोंड न पाहिलेला एडमंटन लार्सन आल्याच्या पहिल्याच वर्षी, २०१७ मध्ये, आत गेला, हे ते हळू आवाजात सांगतात. (कॉनर मॅकडेव्हिड त्यांच्याकडे होता, त्यामुळे श्रेय कोणाचं यावर आणखी एक वाद.)

मला मात्र लार्सनची एक वेगळीच गोष्ट लक्षात राहिली आहे. २०१८ च्या हिवाळ्यात त्याचे वडील स्वीडनहून मुलाकडे एडमंटनला आले होते आणि तिथेच अचानक गेले. पुढे २०२१ मध्ये करार संपल्यावर लार्सन सिअ‍ॅटलच्या नव्या संघात गेला. त्या गावातल्या आठवणी सोसवत नव्हत्या हेही एक कारण, असं तेव्हा सांगितलं गेलं. मुलांकडे दूरदेशी येऊन राहणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून काय वाटलं ते लिहीत नाही. एवढंच म्हणते की सौद्याच्या कुठल्याही तक्त्यात या गोष्टीला रकाना नसतो. हॉलचे गोल इतके, लार्सनचे इतके, आणि बाप कुठल्या गावात गेला हे कुठेच नाही.

त्याच दिवशीचा दुसरा सौदा मॉन्ट्रियल आणि नॅशव्हिल यांचा. पी. के. सुबान, वय २७, देऊन शे वेबर, वय ३०, घेतला. हाही एकास एक, आणि दोघंही बचावपटू. सुबानची मला आधीपासून माया, कारण त्याचे वडील टोरांटोत शिक्षक आणि मग मुख्याध्यापक होते! जमैकाहून लहानपणी कॅनडात आलेले. त्यांचे तिन्ही मुलगे एनएचएल संघांनी निवडले. आपल्या व्यवसायातला माणूस म्हटल्यावर पक्षपात होणारच. सुबाननं २०१५ मध्ये मॉन्ट्रियलच्या मुलांच्या हॉस्पिटलसाठी एक कोटी डॉलर उभे करायचा शब्द दिला होता. 'हलवायचं नाही' हे त्याच्या करारातलं कलम १ जुलै २०१६ पासून लागू होणार होतं. सौदा झाला २९ जूनला! दोन दिवस आधी. नियमाच्या चौकटीत अगदी बरोबर. पण शाळेत असं एखादा मुलगा वागला असता तर मी त्याला काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे.

वेबरचा करार तर अभ्यासक्रमात लावावा असा. २०१२ मध्ये झालेला, १४ वर्षांचा, ११ कोटी डॉलरचा. पहिली काही वर्षं वर्षाला १ कोटी ४० लाख आणि अखेरची तीन वर्षं जेमतेम दहा-दहा लाख. मर्यादेच्या हिशेबात मात्र दर वर्षी सरासरीच धरायची, सुमारे ७८ लाख. (असले अघळपघळ करार पुढे २०१३ च्या नियमांनी बंद केले.) सौदा झाला तेव्हा जावईपक्ष म्हणाला, तरुण देऊन म्हातारा घेतला, तोही २०२६ पर्यंतच्या ओझ्यासकट. पहिल्याच वर्षी नॅशव्हिल अंतिम फेरीत गेलं आणि सगळे म्हणाले, झाला निकाल. पण २०२१ मध्ये मॉन्ट्रियल अंतिम फेरीत गेलं, कर्णधार वेबर! तेव्हा सुबान कुठे होता? नॅशव्हिलनं त्याला २०१९ मध्येच न्यू जर्सीला देऊन टाकलं होतं, आणि २०२२ मध्ये तो निवृत्तही झाला.

वेबर त्या अंतिम फेरीनंतर पुन्हा खेळला नाही. पाय, घोटा, गुडघा, सगळंच कामातून गेलं होतं. पण माणूस थांबला तरी करार थांबला नाही. २०२२ मध्ये मॉन्ट्रियलनं तो व्हेगासला दिला, २०२३ मध्ये व्हेगासनं ॲरिझोनाला. ॲरिझोनाचा संघ उटाहला गेला तसा करारही गेला, आणि २०२५ मध्ये तिथून शिकागोला. असा न खेळणारा खेळाडू कोण घेईल, असं मी विचारलं. जावयांनी समजावलं: ज्याला किमान मर्यादा गाठायची आहे तो घेतो. कागदावर ७८ लाख दिसतात, खिशातून फार कमी जातात. म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरात वेबरचा हॉल ऑफ फेममध्ये गौरव झाला, तेव्हा कागदोपत्री तो अशा संघाच्या नावावर होता ज्याच्यासाठी तो एक मिनिटही बर्फावर उतरला नव्हता. पेन्शनर मंडळींनो, हयातीचा दाखला आपण देतो, पण असं कुठे ऐकलं आहे का?

नातवाला या वादाची गोडी कधी लागली तेही सांगते. २०१९ चा जून. तो नऊ वर्षांचा होता. टोरांटोच्या संघात पॅट्रिक मार्लो म्हणून ३९ वर्षांचा खेळाडू होता, आणि नातवाकडे त्याचा १२ नंबरचा निळा शर्ट. तीन वर्षांचा करार, त्यातलं एक वर्ष उरलेलं. पण संघाला मिच मार्नर या तरुणाच्या नव्या करारासाठी जागा हवी होती. म्हणून मार्लोला कॅरोलिनाला दिलं, आणि त्यांनी त्याला घ्यावं म्हणून वर पुढच्या निवडीतला आपला पहिल्या फेरीचा हक्कही दिला! कॅरोलिनानं लगेच करार मोडून त्याला मोकळं केलं.

पोरगं माझ्याजवळ येऊन म्हणालं, "आजी, तो म्हातारा झाला म्हणून त्याला घेऊन जायला आपणच बक्षीस दिलं?"

यावर काय सांगणार? जावयांनी त्याला खाली बसून नीट सांगितलं की मार्लोलाही कॅलिफोर्नियात परतायचं होतं, त्याची संमती घेतली होती, कोणी हाकललं नाही. सगळं खरं. पण मुलानं बरोबर तेवढं ऐकलं होतं जेवढं त्याला लागलं होतं. पुढची गंमत अशी: मार्लो सॅन होजेला परतला आणि १९ एप्रिल २०२१ रोजी १७६८ वा सामना खेळून त्यानं गॉर्डी हाउ यांचा सर्वाधिक सामन्यांचा विक्रम मोडला. त्या बक्षिसाच्या हक्कातून कॅरोलिनानं २०२० मध्ये सेथ जार्विस निवडला, तो तिथला महत्त्वाचा खेळाडू झाला. आणि ज्याच्यासाठी एवढी जागा केली तो मार्नर २०२५ मध्ये टोरांटो सोडून व्हेगासला गेला. निळा शर्ट नातवाला आता होत नाही, पण कपाटात आहे.

आता मला या सगळ्यात ज्याची गोष्ट सर्वांत शिकवून गेली त्याच्याकडे येते. सेथ जोन्स. वडील बास्केटबॉलचे व्यावसायिक खेळाडू, पोरगं वळलं हॉकीकडे. २०१३ मध्ये नॅशव्हिलनं त्याला चौथा निवडला. जानेवारी २०१६ मध्ये, एकवीस वर्षांचा असताना, नॅशव्हिलनं त्याला कोलंबसला देऊन रायन जोहान्सन हा आघाडीचा खेळाडू घेतला. तेव्हा सगळे म्हणाले, असा कोवळा बचावपटू द्यायचा? २०२१ मध्ये कोलंबसनं त्याला शिकागोला दिलं, आणि बदल्यात काय घेतलं? निवडीचे हक्क आणि ॲडम बोक्विस्ट, वीस वर्षांचा कोवळा बचावपटू! शिकागोनं जोन्सला आठ वर्षांचा ७ कोटी ६० लाखांचा करार दिला. संघ तळाला गेला, आणि तोच करार लोकांच्या तोंडी धोंड झाला. मार्च २०२५ मध्ये शिकागोनं त्याला फ्लोरिडाला दिलं, ते सुद्धा दर वर्षी त्याच्या पगारातले २५ लाख आपण सोसायचं कबूल करून. साडेतीन महिन्यांनी फ्लोरिडानं स्टॅन्ली कप जिंकला. आणि तो वीस वर्षांचा बोक्विस्ट? २०२४ मध्ये कोलंबसनं त्याचा करार मोडला. वय २३.

म्हणजे बघा, नातवाचा लाडका 'तरुण बचावपटू' आणि जावयांना नको असलेला 'म्हाताऱ्याचा करार' ही दोन माणसं नाहीतच. एकच माणूस, दहा वर्षांच्या अंतरानं. कधी कधी तीनच वर्षांच्या. आज ज्याला तुम्ही घेताय त्यालाच उद्या द्यायला निघणार आहात. तरुणाचा आकडा हा अंदाज असतो आणि म्हाताऱ्याचा आकडा हे देणं असतं. अंदाज नेहमीच देण्यापेक्षा गोड वाटतो. पण ते देणं म्हणजे कधीकाळी आपणच केलेल्या अंदाजावर आपणच केलेली सही, हे विसरून चालत नाही.

हे मी इतकं ठासून लिहितेय त्याला एक कारण आहे. (जावयांना विचारून लिहिते आहे. ते म्हणाले, "लिहा आई, त्यात काय.") गेल्या हिवाळ्यात त्यांच्या कंपनीत पन्नाशीपुढच्या लोकांना ठरावीक रक्कम घेऊन आपण होऊन बाजूला व्हायचा पर्याय आला. अट नव्हती, पर्याय होता. पण ज्यांनी तो घेतला नाही त्यांच्या बैठका कमी झाल्या, ज्या तरुणांना त्यांनी काम शिकवलं त्यांच्या वाढल्या. यांनी वसंतात रक्कम घेतली. चोपन्न वर्षांचा माणूस, पंचवीस वर्षांची नोकरी. घरी कोणी फारसं बोललं नाही. त्यानंतर टेबलावर एक ट्रेड निघाला, कोणातरी चौतिशीतल्या बचावपटूचा करार कसा उतरवायचा यावर. मी वाट बघत होते, आता "आकडे बघा" येणार. ते आलं नाही. नातूच म्हणाला, "पण बाबा, नव्या पोराला त्याच्याशेजारी खेळवायला कोणीतरी जुना लागतो ना." आणि पोळी वाढून घेतली.

जावईही पुन्हा उभे राहताहेत. दोन छोट्या कंपन्यांची कामं मिळाली आहेत, आणि वाद पुन्हा पूर्वीच्या जोरात सुरू झालाय. आकडेही परत आलेत. यायलाच हवेत. मर्यादा आहे तर निवड करावीच लागणार, आणि कोणीतरी बाहेर जाणार. माझ्यासारख्या बाईनं इथे बसून 'माया दाखवा' म्हणून काही तिजोरी वाढत नाही. नॅशव्हिलकडे बचावपटू जास्त होते, आघाडीला माणूस नव्हता; त्यांनी जोन्स दिला यात गैर काय? पण दोन दिवस आधी कलम चुकवून देणं वेगळं, आणि मार्लोसारखी संमती घेऊन, जायची वाट मोकळी करून देणं वेगळं. हा फरक आकड्यांत दिसत नाही, पण तो आहे, आणि नऊ वर्षांच्या पोरालाही तो कळतो.

मी आता घरात एक नियम केला आहे. बाईंचा नियम म्हणा. कुठलाही ट्रेड झाला की दोघांनी आपलं मत एका वहीत लिहायचं, खाली तारीख घालायची, आणि पाच वर्षं त्या पानावर कोणी जिंकलं-हरलं म्हणायचं नाही. दोनशे पानी वही आणली आहे, भारतीय दुकानातून. पहिल्या सहा पानांवर दोघांचंही अक्षर इतकं वाईट आहे की पाच वर्षांनी वाचता येईल की नाही, शंकाच आहे. तेव्हा ते मलाच वाचून दाखवावं लागणार, असं नातू म्हणतो. एक्क्याऐंशीची होईन मी तेव्हा. बघू. शर्त मान्य आहे म्हटलं.